सांडपाण्याची शुद्धि आणि जंतूंचा वारसा

१९४१ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत ऑक्सफर्ड येथील रॅडक्लिफ रुग्णालयांत एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन टोंचण्यास प्रारंभ झाला. जंतूंच्या विषारानें त्याचा चेहरा व डोकें गळवांनीं भरून गेलें होतें. एक डोळा काढून टाकावा लागला होता. औषध सुरू होतांच त्याला उतार पडूं लागला. परंतु औषध होतें अगदीं थोडें. पेनिसिलिनचा फार मोठा भाग शरीरांत खर्ची न पडतां कांहीं तासांतच मूत्रावाटें जसाच्या तसा बाहेर पडतो, हें फ्लोरी व त्यांचे सहकारी जाणून होते. म्हणून त्या रुग्णाचें मूत्र भांड्यांत जमवून, तें सायकलीवरून प्रयोगशाळेंत नेऊन, त्यांतून पेनिसिलिन पुन्हां वेगळें काढून, तेंच त्याला फिरून टोंचण्यांत येत असे. इतकें करूनही पांच दिवसांत सांठा संपला. दुखणें उलटलें आणि १५ मार्च रोजीं तो शिपाई मरण पावला.

त्या आठवड्यांत ऑक्सफर्डमध्यें जें द्रव्य थेंबाथेंबानें जपून गोळा केलें जात होतें, तेंच पुढें दहा-पंधरा वर्षांच्या आंत मोठमोठ्या शहरांच्या गटारांतून रोज वाहूं लागलें. महायुद्ध संपण्याच्या सुमारास अमेरिकेंत पेनिसिलिनचे कारखाने जोरांत चालू झाले होते. १९५५ सालीं आपल्याकडें पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सच्या कारखान्यांतून तें बाहेर पडूं लागलें. औषध स्वस्त झालें, गांवोगांव पोंचलें, आणि पूर्वीं हमखास दगावणारे किती तरी रोगी वांचले. रोग्याच्या शरीरांतून बाहेर पडल्यावर त्या औषधाचें पुढें काय होतें, हा प्रश्न मात्र पुष्कळ वर्षें कोणी विचारला नाहीं. मोरीच्या पलीकडे गेलेल्या वस्तूची चौकशी करण्याची चाल कोणत्याच समाजांत नसते.

हें सांडपाणी जेथें जाऊन पडतें, त्या शुद्धीकरणगृहांचा इतिहास पेनिसिलिनहून जुना आहे. आज जगभर जी पद्धति सर्वांत अधिक रूढ आहे, ती मँचेस्टर शहरांत जन्मास आली. तेथील डेव्हीहूम येथील प्रयोगशाळेंत आर्डर्न व लॉकेट ह्या दोघां रसायनज्ञांनीं, गिल्बर्ट फाउलर ह्यांच्या सूचनेवरून, कांचेच्या बाटल्यांत मैलापाणी भरून त्यांतून हवा सोडण्यास सुरुवात केली. उजेडानें शेवाळ धरूं नये म्हणून बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळलेले असत. पहिल्या खेपेस पाणी पुरतें शुद्ध होण्यास सुमारें पांच आठवडे लागले. तेव्हां त्यांनीं निवळलेलें पाणी ओतून टाकलें, तळाशीं बसलेला गाळ मात्र तसाच ठेवला व त्यावर नवें मैलापाणी घातलें. असें पुन्हां पुन्हां करतां करतां तो गाळ इतका कामसू झाला कीं, पांच आठवड्यांचें काम एका दिवसाच्या आंत होऊं लागलें. ३ एप्रिल १९१४ रोजीं ह्या 'सक्रिय गाळा'वरील निबंध त्यांनीं मँचेस्टर येथें वाचला. त्यांचे मार्गदर्शक फाउलर हे १९१६ सालीं बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें प्राध्यापक म्हणून आले. तेव्हां ही विद्या हिंदुस्थानालाही फारशी उशिरा मिळाली असें म्हणतां येणार नाहीं.

तो गाळ म्हणजे जंतूंची दाट वस्ती होय. मैल्यांत जें जें कुजण्यासारखें असेल, तें ह्या वस्तीनें खाऊन टाकावयाचें आणि पाणी मोकळें करावयाचें, असा सारा व्यवहार आहे. जंतूंना मारून नव्हे, तर जंतूंना पोसून पाणी शुद्ध करावयाचें! त्यांना हवा मिळावी, अन्न मिळावें, आणि माणसाच्या आंतड्यांतून आलेल्या व मातीपाण्यांतून आलेल्या निरनिराळ्या जातींनीं तेथें एकमेकांस खेटून राहावें, हीच तर ह्या पद्धतीची खुबी. १९१४ मध्यें ह्यांत कांहींच वावगें नव्हतें. जंतु एकमेकांस कांहीं देतात-घेतात, ही कल्पनाच तेव्हां कोणाला नव्हती.

ती कल्पना प्रथम १९२८ सालीं लंडनमध्यें एका अबोल वैद्यकीय अधिकाऱ्याच्या प्रयोगांतून पुढें आली. फ्रेडरिक ग्रिफिथ हे फुफ्फुसदाहाच्या जंतूंचा अभ्यास करीत होते. ह्या जंतूंचा एक प्रकार घातक व दुसरा निरुपद्रवी. ग्रिफिथ ह्यांनीं घातक जंतू उष्णता देऊन मारले, त्या मेलेल्या जंतूंत जिवंत पण निरुपद्रवी जंतू मिसळले व तें मिश्रण उंदरांना टोंचलें. उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तांत घातक प्रकारचे जंतू जिवंत सांपडले. मेलेल्यांचा गुण जिवंतांनीं उचलला होता. हा गुण वाहणारें द्रव्य कोणतें, हें शोधून काढण्यास आणखी सोळा वर्षें लागलीं. १९४४ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंतील एव्हरी, मॅक्लिऑड व मॅकार्टी ह्यांनीं दाखवून दिलें कीं, तें द्रव्य म्हणजे डी. एन. ए. होय. ग्रिफिथ तें पाहण्यास उरले नव्हते. १९४१ सालीं लंडनवरील बाँबहल्ल्यांत त्यांचा अंत झाला होता. मेलेला जंतु आपला वारसा मागें ठेवून जाऊं शकतो, हें त्यांनीं दाखविलेलें सत्य पाण्याच्या शुद्धीशीं किती निगडित आहे, हें कळण्यास आणखी साठ वर्षें जावीं लागलीं.

मध्यंतरीं जपानांत एक निराळाच प्रकार घडत होता. युद्धानंतर तेथें आमांशाचा जोर फार होता. आरंभीं सल्फा औषधें लागू पडत. मग तीं लागू पडेनाशीं झालीं. त्यांच्या जागीं स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल व टेट्रासायक्लिन हीं नवीं प्रतिजैविकें आलीं. १९५५ सालीं हाँगकाँगहून परतलेल्या एका जपानी स्त्रीच्या आमांशाचे जंतू तपासले, तों ते सल्फासह ह्या चारही औषधांना दाद देत नाहींत असें आढळलें. एका औषधाची संवय जंतूला होते, हें ठाऊक होतें; परंतु चार निरनिराळ्या औषधांची संवय एकाच वेळीं कशी व्हावी? त्यांतून चमत्कारिक गोष्ट ही कीं, एकाच सांथींत, क्वचित् एकाच रोग्याच्या पोटांत, औषधाला बळी पडणारे व न पडणारे असे एकाच जातीचे जंतू शेजारीं शेजारीं सांपडत. आणि त्याच रोग्याच्या आंतड्यांतील एरवीं निरुपद्रवी कोलाय जंतूंतही तोच चौपदरी औषधरोध असे. १९५९ सालीं ओचिआई व अकिबा ह्यांनीं वेगवेगळ्या प्रयोगशाळांत हे दोन जंतू एकत्र वाढवून दाखविलें कीं, कोलाय जंतु नुसत्या संपर्कानें आपला औषधरोध आमांशाच्या जंतूला देतो. हा गुण जंतूच्या मुख्य जनुकसंचांत नसून, बाजूला असलेल्या एका लहानशा सुट्या कड्यांत असतो. आज तिला प्लास्मिड म्हणतात. चार औषधांवरील चार उतारे एकाच कडींत ओंवलेले असल्यामुळें ते एकदमच हातीं पडतात. त्सुतोमु वातानाबे ह्यांनीं १९६३ सालीं इंग्रजींत लिहिलेल्या विस्तृत लेखानें ही हकीकत पाश्चात्त्य जगाला पोंचविली. त्या लेखाच्या नांवांतच त्यांनीं ह्या प्रकाराला संसर्गानें पसरणारी आनुवंशिकता म्हटलें होतें, आणि ह्याहून नेमकें वर्णन पुढेंही कोणाला सांपडलेलें नाहीं.

आतां मँचेस्टरचा गाळ आणि जपानचा जंतु हीं दोन्हीं एकत्र ठेवून पाहावीं. रोग्यांच्या आंतड्यांतून आलेले रोधक जंतू, त्यांच्याच मूत्रांतून आलेले औषधाचे अंश, इस्पितळांचें सांडपाणी, कांहीं ठिकाणीं औषधांच्या कारखान्यांचेंही सांडपाणी, हें सर्व ज्या एका हौदांत येऊन मिळतें, तेथें देवाणघेवाणीला याहून अनुकूल जागा ती कोणती? जोंवर हें पाणी शुद्ध होऊन नदीला किंवा समुद्राला मिळत होतें, तोंवर तो प्रश्न नदीखालच्या गांवांचा होता, आणि अशा गांवांचें ऐकतो कोण? परंतु तेंच पाणी पुन्हां नळानें घरांत आणावयाचें ठरलें, म्हणजे प्रश्न उंबरठ्याच्या आंत येतो.

असें पाणी उघडपणें नळांत सोडणारें जगांतील पहिलें शहर म्हणजे आफ्रिकेच्या नैर्ऋत्य भागांतील विंडहुक. आज ती नामिबियाची राजधानी आहे. १९६८ सालीं हा मुलूख दक्षिण आफ्रिकेच्या अमलाखालीं होता. शहराला वर्षाकाठीं सुमारें ३६० मिलिमीटर पाऊस मिळतो, आणि उन्हानें वाफ होऊन जाणारें पाणी त्याच्या कित्येक पट असतें. बारमाही वाहणारी जवळांत जवळ नदी उत्तरेकडे सुमारें ७०० किलोमीटरवर. गोरेआंगाब येथें बांधलेलें धरण लवकरच अपुरें पडलें. तेव्हां प्रिटोरिया येथील राष्ट्रीय जलसंशोधन संस्थेचे गॉर्डन स्टँडर व लुकास व्हान व्ह्यूरेन ह्यांच्या प्रयोगांवर विसंबून नगरपालिकेनें धाडस केलें, आणि १९६८ सालीं गोरेआंगाबचें पुनःशुद्धीकरणगृह सुरू झालें. आरंभीं त्याची शक्ति दिवसाला ४८ लक्ष लिटरची होती.

ह्या कामांतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट यंत्रांत नव्हती. ती गटारांच्या आंखणींत होती. घरांचें सांडपाणी एका बाजूस आणि कारखान्यांचें दुसऱ्या बाजूस, असे दोन मार्ग विंडहुकनें वेगळे ठेवले. पुनःशुद्धीकरणाला जावयाचें तें फक्त घरांचें. कारखान्यांतून कोणत्या दिवशीं काय येईल ह्याचा नेम नसतो, म्हणून त्यांच्या पाण्याला ह्या मार्गांत येऊंच द्यावयाचें नाहीं, असा तो निर्णय होता. नंतरच्या काळांत अब्जावधि रुपये खर्चून उभारलेल्या कित्येक शुद्धीकरणगृहांना हा साधा विवेक सुचलेला नाहीं, हें पाहिलें म्हणजे त्या लहानशा शहराचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. घरांचें सांडपाणीही सरळ नळांत जात नसे. प्रथम जंतूंकडून शुद्धि, मग उघड्या तळ्यांतून संथपणें वाहत राहणें, त्यानंतर शेवाळ व गाळ काढणें, वाळूची गाळणी, कोळशाची गाळणी, आणि शेवटीं क्लोरीन; असे एकामागून एक अडसर. एखादा अडसर निसटला तर पुढचा उभा असावा, हें त्यामागचें धोरण. शिवाय हें पाणी धरणाच्या व विहिरींच्या पाण्यांत मिसळूनच दिलें जाई.

लोकांनीं तें पाणी प्यायलें. त्यांच्यापुढें दुसरा मार्गही नव्हता, आणि ह्या शहरांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय रहिवाशांना तर कोणत्याच बाबतींत विचारण्याची पद्धत नव्हती. १९५९ सालीं त्यांना जुन्या वस्तींतून उठवून कातुतुरा येथें हलवितांना गोळीबार झाला होता. अशा शहरांत १९७४ पासून १९८३ पर्यंत अतिसाराच्या रोग्यांची पद्धतशीर मोजदाद झाली. निष्कर्ष असा निघाला कीं, अतिसाराचें प्रमाण नळांत पुनःशुद्ध पाणी आहे कीं नाहीं ह्यावर अवलंबून नसून, घरच्या सांपत्तिक व सामाजिक स्थितीवर अवलंबून आहे. पाणी निर्दोष ठरलें. वस्ती दोषी ठरली. हा निष्कर्ष त्या वेळच्या राज्यकर्त्यांना किती सोईचा वाटला असेल, हा प्रश्न वेगळा.

परंतु ज्या प्रिटोरियाच्या संस्थेनें हें पाणी नळापर्यंत आणलें, त्याच संस्थेंत एका शास्त्रज्ञाला वेगळी शंका आली. डब्ल्यू. ओ. के. ग्राबो ह्यांनीं विकृतिशास्त्रज्ञ प्रोझेस्की ह्यांच्या साहाय्यानें सांडपाण्यांतील कोलाय वर्गाच्या जंतूंची केवळ संख्या न मोजतां, त्यांपैकीं किती जणांजवळ दुसऱ्याला देतां येण्याजोगा औषधरोध आहे, हें मोजावयास घेतलें. १९७३ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणें, इस्पितळाच्या सांडपाण्यांत अशा जंतूंचें प्रमाण शहराच्या सांडपाण्याहून बरेंच अधिक होतें. त्याच वर्षीं त्यांनीं उघड्या तळ्यांचाही तपास केला. पाणी तळ्यांतून वाहत जातां जातां जंतूंची एकूण संख्या झपाट्यानें घटत होती. पण उरलेल्यांत औषधरोधक जंतूंचा वांटा कमी न होतां वाढत होता. १९७४ सालच्या त्यांच्या तिसऱ्या निबंधाचें शीर्षकच असें होतें कीं, औषधरोधक कोलाय जंतू पाहतां पाण्याच्या गुणवत्तेच्या मानकांचा फेरविचार करावयास हवा.

ह्या मागणींतील मर्म असें. पाणी पिण्यायोग्य आहे कीं नाहीं हें ठरवितांना जगभर १०० मिलिलिटर पाण्यांतील कोलाय जंतू मोजतात. कोलाय हा बहुधा स्वतः रोग करीत नाहीं. मैल्याचा संपर्क झाला होता, एवढी साक्ष तो देतो. ह्या साक्षीदारांची संख्या पाहावयाची, एवढेंच मानकाला ठाऊक. त्याच्या खिशांत काय आहे, हें मानक विचारीत नाहीं. हजारांतले दहाच उरले म्हणून पाणी पसंत करावें, आणि त्या दहांपैकीं पांचांजवळ औषधरोधाची कडी असावी, असें होऊं शकतें. आणि ग्राबो ह्यांचें म्हणणें तेवढेंच होतें.

क्लोरीननें हा प्रश्न सुटेल अशी पुष्कळांची समजूत होती. क्लोरीनचे उपकार थोर आहेत. १९०८ साली अमेरिकेंतील जर्सी सिटीला तें नियमानें देण्यास प्रारंभ झाला, तेव्हांपासून विषमज्वराची सद्दी अनेक शहरांत संपली. परंतु १९८४ सालीं कॅनडांतील मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सांडपाण्याला क्लोरीन देऊन पाहिलें, तेव्हां जंतूंची संख्या पुष्कळ उतरली, पण शिलकींतल्यांत औषधरोधकांचें प्रमाण वाढलेलें आढळलें. पुढें जनुकांचा शोध थेट पाण्यांत घेण्याचीं साधनें हातीं आलीं, तेव्हां ग्रिफिथ ह्यांच्या उंदरांची आठवण शास्त्रज्ञांना होणें स्वाभाविकच होतें. २००६ सालीं अमेरिकेंतील एमी प्रूडन व सहकाऱ्यांनीं कोलोराडो प्रांतांतील नद्या, कालवे व शुद्धीकरणगृहें तपासून असा विचार मांडला कीं, औषधरोधाचें जनुक हेंच एक प्रदूषक मानावें. जंतु जिवंत आहे कीं मेला हा प्रश्न दुय्यम आहे. क्लोरीननें किंवा अतिनील किरणांनीं जंतु मरतो, पण त्याचा डी. एन. ए. तेवढ्यानें पुरता मोडत नाहीं. अतिनील किरणांच्या बाबतींत तर जंतु मारण्यास जेवढी मात्रा लागते, तिच्या निदान दहापट मात्रा जनुक निकामी करण्यास लागते, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. शुद्ध झालेलें पाणी मैलच्या मैल लांबीच्या नळांतून जातें. त्या नळांच्या आंतल्या अंगाला जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. क्लोरीनचा अंश वाटेंत संपला कीं त्या थराला पुन्हां जोर चढतो. कारखान्याच्या दारांत घेतलेला नमुना आणि घरच्या तोटीखालचा नमुना हे एकच असतील असें म्हणून चालत नाहीं, तें ह्यामुळें.

येथें एखादा श्रोता विचारील कीं, असें असतां सांडपाणी पुन्हां वापरण्याचा खटाटोप करावाच कशाला? ह्याचें उत्तर दिल्लीच्या हकीकतींत सांपडतें. २००८ सालीं स्वीडनमधील एका मूळच्या भारतीय रुग्णाच्या शरीरांत एक असा जंतु आढळला कीं, ज्याच्यावर राखीव ठेवणींतलीं कार्बापेनेम वर्गाचीं प्रतिजैविकेंही चालेनात. रुग्णानें त्यापूर्वीं नवी दिल्लींत उपचार घेतले होते, म्हणून त्या गुणाच्या जनुकाला एन.डी.एम.–१ हें नांव पडलें, व राजधानीचें नांव रोगाला चिकटविल्याबद्दल भारत सरकारनें नाराजी व्यक्त केली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉक्टरांनीं मार्च २०१० मध्येंच हेंच जनुक तेथील रुग्णांत सांपडल्याचें भारतीय वैद्यांच्या मासिकांत नमूद केलें होतें, ही गोष्ट त्या वादांत मागें पडली. मग २०११ सालीं टिमथी वॉल्श व सहकाऱ्यांची दिल्लींतील पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली. शहराच्या मध्यापासून १२ किलोमीटरच्या आंतील रस्त्यांवरच्या डबक्यांचे व नाल्यांचे १७१ नमुने घेतले होते. त्यांपैकीं ५१ नमुन्यांत तें जनुक होतें. नळाच्या पाण्याचे ५० नमुने होते; त्यांपैकीं २ नमुन्यांत तें होतें. तुलनेसाठीं कार्डिफ येथील सांडपाण्याचे ७० नमुने तपासले, त्यांत एकही सांपडलें नाहीं.

दिल्लीच्या त्या दोन तोट्यांत कोणीं जाणून-बुजून पुनःशुद्ध पाणी सोडलेलें नव्हतें. विंडहुकमध्यें सांडपाणी दहा अडसर ओलांडून नळांत येतें. आपल्या अनेक शहरांत तें एकही अडसर न ओलांडतां, गटार आणि जलवाहिनी शेजारून गेल्यामुळें, फुटक्या सांध्यांतून येतें. पुनर्वापर दोन्हींकडे आहे. एकीकडे तो हिशेबानें चालला आहे, दुसरीकडे बिनहिशेबी. तेव्हां औषधरोधाच्या भीतीनें शुद्धीकरणगृहाकडे बोट दाखविणाऱ्यांनीं प्रथम रस्त्याखालची वाहिनी उकरून पाहावी हें बरें.

ह्याहूनही वाईट प्रकार हैद्राबादजवळ पाटनचेरू येथें उघडकीस आला. तेथें सुमारें ९० औषधी कारखान्यांचें सांडपाणी एका सामायिक शुद्धीकरणगृहांत येत असे. २००७ सालीं स्वीडनचे योआकिम लार्सन व सहकाऱ्यांनीं तेथून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे शुद्ध केलेल्या, पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हें प्रतिजैविक लिटरमागें ३१ मिलिग्रॅमपर्यंत होतें. औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तांत जेवढें असतें, त्याहून हें अधिक! सक्रिय गाळाची पद्धति अशा पाण्यावर चालवावयाची म्हणजे औषध सहन करणाऱ्या जंतूंनाच निवडून, त्यांचीच शेती करणें होय. विंडहुकनें १९६८ सालीं कारखान्यांचें पाणी वेगळें कां काढलें, ह्याचें एवढें स्पष्ट प्रत्यंतर दुसरें क्वचितच मिळेल.

सुदैवानें चांगलीं उदाहरणेंही आहेत. विंडहुकचें नवें शुद्धीकरणगृह २००२ सालीं उभें राहिलें. दिवसाला २ कोटि १० लक्ष लिटर पाणी देण्याची त्याची शक्ति आहे. त्यांत जुन्या अडसरांना ओझोन, कोळशाचे अधिक थर आणि अतिसूक्ष्म छिद्रांच्या पटलांची जोड दिलेली आहे. जंतूला विषानें मारण्याऐवजीं त्याला पडद्यापलीकडे अडवून ठेवणें, हा ह्या पटलांचा गुण औषधरोधाच्या दृष्टीनें फार मोलाचा. कारण अडविलेल्या जंतूबरोबर त्याचा वारसाही अडतो. सिंगापुरानें २००३ पासून व कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज परगण्यानें २००८ पासून ह्यापुढें जाऊन रिव्हर्स ऑस्मोसिसचीं पटलें वापरलीं आहेत. तीं खर्चाचीं आहेत, विजेला महाग आहेत, आणि त्यांनीं गाळून काढलेल्या दाट सांडपाण्याचें काय करावयाचें हा प्रश्न तीं मागें ठेवतातच.

शेतीला दिलेल्या पाण्याबद्दल मात्र भीति थोडी अतिरेकी होती, असें म्हणावें लागतें. इस्रायल आपल्या सांडपाण्याचा बहुतेक भाग शुद्ध करून शेतांना देतो. तेथील सिट्रिन व सहकाऱ्यांनीं वर्षानुवर्षें असें पाणी मिळालेली जमीन आणि गोडें पाणी मिळालेली जमीन ह्यांची तुलना २०१२ सालीं प्रसिद्ध केली. बहुतेक ठिकाणीं दोहोंतील औषधरोधांत फरक आढळला नाहीं. पाण्याबरोबर आलेले जंतू मातींतील मूळच्या वस्तीपुढें टिकाव धरीत नाहींत. माती हा एक जुना आणि समर्थ अडसर आहे. फक्त तिला शुद्ध केलेलें पाणी द्यावयास हवें, कच्चा मैला नव्हे. नागपुरानें निराळा मार्ग धरला. भांडेवाडी येथें शुद्ध केलेलें दिवसाला १३ कोटि लिटर पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातें. त्यामुळें तेवढें धरणाचें पाणी माणसांसाठीं मोकळें होतें, आणि सांडपाण्यांतून आलेल्या पाण्याला घरांतील तोटीपर्यंत जाण्याचें कारण पडत नाहीं.

मुळाशीं बांध घालण्याचा प्रयत्न भारतांत एकदां झाला. जानेवारी २०२० मध्यें केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें औषधी कारखान्यांच्या सांडपाण्यांत कोणतें प्रतिजैविक किती असावें ह्याच्या मर्यादा घालणारा मसुदा प्रसिद्ध केला. अशी मर्यादा घालण्याची तयारी दाखविणारें तें जगांतील अगदीं पहिल्या सरकारांपैकीं एक होतें, आणि त्याचा अभिमान वाटावा असाच तो मसुदा होता. कारखानदारांनीं हरकती घेतल्या. ऑगस्ट २०२१ मध्यें अंतिम नियम निघाले, तेव्हां त्यांतून प्रतिजैविकांच्या मर्यादांचें कोष्टक गळलेलें होतें. जागतिक आरोग्य संघटनेनें सप्टेंबर २०२४ मध्यें औषधी कारखान्यांच्या सांडपाण्याविषयीं मार्गदर्शक सूत्रें काढलीं. परंतु सूत्रें म्हणजे कायदा नव्हे.

युरोपीय संघानें २०२४ सालीं सांडपाण्याचा आपला जुना कायदा बदलला. ग्राबो ह्यांची मागणी त्यांत पन्नास वर्षांनंतर अंशतः उतरली आहे: एक लक्ष व त्याहून अधिक लोकवस्तीच्या सांडपाण्यांत आतां जंतूंच्या औषधरोधाचीही नियमित मोजणी व्हावयाची आहे. मोठ्या शुद्धीकरणगृहांना औषधांचे सूक्ष्म अंश काढण्यासाठीं आणखी एक टप्पा जोडावा लागेल, आणि त्या टप्प्याचा निदान शेंकडा ८० खर्च औषधें व सौंदर्यप्रसाधनें बनविणाऱ्यांनीं सोसावा, असें कलम आहे. ह्या कलमाविरुद्ध औषध-उत्पादकांनीं २०२५ सालीं युरोपीय न्यायालयांत दाद मागितली.